पिवळ्या वेलीवरची पाच हिरवी पानं

आमच्या वर्गात नवा माणूस आला की तो आधी मुलांकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. खोली साधीच आहे. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत, बारदानाच्या गोदामावर, लोखंडी जिन्याने वर चढून यायचं. पण दारासमोरच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत सुतळ्या ताणलेल्या आहेत आणि त्यांवर लाल, पिवळी, हिरवी, मोरपंखी कागदी पानं बांधलेली आहेत. कोणाची वेल गुडघ्याएवढी, कोणाची पार वरच्या खिळ्याला टेकलेली. पाहुणे विचारतात, "डेकोरेशन कशाचं?"

"डेकोरेशन नाही हो," माझ्याबरोबर शिकवणाऱ्या शैलाताई सांगतात. "प्रगतिपुस्तक आहे. उघडंच ठेवतो."

मी इथे सहा वर्षं शिकवते. या कामाबद्दल लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आठ दिवस उत्तरच दिलं नाही. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, मराठी लिहायला मी इथे येऊन शिकले, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी अजूनही टाळते. पण भिंतीबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. शैलाताई लिहिणार नाहीत. "लिहीत बसले तर पानं कोण कापणार?" असं त्यांचं म्हणणं.

आधी काम काय ते सांगते. दुसरी ते चौथीतली जी मुलं शाळेत जातात पण ज्यांना अजून वाचता येत नाही, ती दुपारी आमच्याकडे येतात. काही याच गल्लीतली. काहींचे आईवडील शहराबाहेरच्या मळ्यांतून मेथी, कोथिंबीर, शेपू घेऊन संध्याकाळच्या लिलावाला येतात. गाडीत जुड्यांवर बसून मुलंही येतात. लिलाव होईपर्यंत मुलं आमची.

मी आले तेव्हा भिंतीवर वेली नव्हत्या. मी आल्या आल्या एक मोठा तक्ता लावला होता. डावीकडे सगळ्यांची नावं, पुढे चौकोन, आणि वाचता आलं की एक चमकणारा स्टार. माझ्या शाळेत असाच होता. मला वाटलं, मी फार आधुनिक काहीतरी आणलं आहे. शैलाताई तेव्हा लहान गट सांभाळायच्या. त्याआधी तीस वर्षं त्यांनी बालवाडी चालवलेली. त्या तक्त्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "छान आहे. शेवटून पहिलं नाव कोणाचं?"

शेवटून पहिलं नाव समीक्षाचं होतं. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या मुलाला अकरा स्टार होते आणि समीक्षाला एक, तोही मी दया येऊन दिलेला. मुलं ते ओळखतात. चौथ्या आठवड्यात ती यायची थांबली. मी घरी जाऊन विचारलंही नाही. पत्ता रजिस्टरमध्ये होता. अनोळखी दार वाजवायची मला भीती वाटली. नंतर कळलं, ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं. अजूनही द्वारका चौकातल्या सिग्नलला थांबले की शाळेच्या गणवेशातली उंच मुलगी रस्ता ओलांडताना दिसली तर मी चेहरा निरखून बघते. आता ती नववीत असेल.

समीक्षा गेल्यावर शैलाताईंनी मला बोल लावला नाही. डबा खाताना विचारलं, "ईशा, तुला शाळेत स्टार मिळायचे?"

"खूप."

"कशाचे?"

मी सांगितलं. मला दर आठवड्याला एक स्टार ठरलेला असायचा, शांत बसते म्हणून. आठ वर्षं मिळाला.

शैलाताईंनी पोळीचा तुकडा मोडला. "म्हणजे काम करतं हे," त्या म्हणाल्या. "फार चांगलं काम करतं, तू अजून शांतच बसतेस. म्हणूनच जपून द्यायला हवं."

त्याच आठवड्यात आम्ही तक्ता काढला आणि खिळे ठोकले.

वेलीची पद्धत अशी. प्रत्येक मुलाची एक सुतळी. खालच्या खिळ्यापासून वरच्या खिळ्यापर्यंत चाळीस पानं मावतात. जे काल येत नव्हतं ते आज आलं की एक पान. कोणाला एक जोडाक्षर, कोणाला एक ओळ, कोणाला अख्खं पान न अडखळता. लक्ष्य मूल आणि आम्ही मिळून ठरवतो, तेही एवढंच की दोनतीन दिवसांत गाठता येईल. पान मुलाने स्वतः कापायचं, कोऱ्या बाजूवर आज काय आलं ते लिहायचं आणि स्वतः गाठ मारायची. आम्ही बांधून दिलं तर ते आमचं पान होतं.

कागद विकत आणायचा नाही. जुन्या लग्नपत्रिका घरून आणायच्या. जाड असतात, रंगीत असतात आणि प्रत्येक घरात टाकवत नाहीत म्हणून साठलेल्या असतात. यामुळे असं झालं की प्रत्येकाच्या वेलीला आपापल्या घराचा रंग आला. मूल नाव शोधत नाही, आपला रंग शोधतं.

बक्षिसांच्या बाबतीतही आम्ही आधी चुकलो. चॉकलेटं देऊन बघितली. दहा दिवसांत मुलं पुस्तक उघडायच्या आधी विचारू लागली, "आज कोणतं?" शैलाताईंनी ती बंद केली आणि वेगळी यादी केली. पाच पानं झाली की एक दिवस शैलाताईंच्या खुर्चीत बसायचं. दहा झाली की सुटीची घंटा वाजवायची. वीस झाली की त्या दिवशीची गोष्ट निवडायची. आणि वेल वरच्या खिळ्याला टेकली की पुस्तक घरी न्यायचं आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांच्या आईवडिलांसमोर वाचायचं. यातलं काहीही खाता येत नाही. पण खुर्चीत बसलेलं मूल कसं दिसतं ते बघायला तुम्ही एकदा या.

मोठी माणसंही त्या भिंतीला भुलतात. एक आजोबा आले, नातवाची वेल शेजारच्यापेक्षा बुटकी आहे म्हणून रागावलेले. बराच वेळ घाम पुसत उभे राहिले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, दहा पानं वाढवा. मी इथे पंखा लावून देतो. केवढं उकडतंय."

"पंखा लावा," शैलाताई म्हणाल्या. "पानं नातू लावेल."

आजोबा तणतणत जिना उतरले. मला वाटलं, संपलं. दिवाळीच्या आधी ते एका वायरमनला घेऊन खरंच पंखा लावायला आले. तो पंखा या हकिकतीत पुढे येणार आहे.

पंखा आला त्याच वर्षी जूनमध्ये पायल आली. चौथीत होती, नऊ वर्षांची. मखमलाबादच्या बाजूने आईबरोबर कोथिंबीर घेऊन यायची. तिची बोटं कायम हिरवट आणि कोथिंबिरीचा वास असलेली. पुस्तक समोर ठेवलं की ती चित्रावरून अंदाजाने काहीतरी सांगायची आणि तेही इतक्या ठामपणे की पहिले दोन दिवस मी फसले. पण तिच्यासारखी गाठ वर्गात कोणाला येत नव्हती. बोटाला एक वेढा, खालून टोक, एक झटका. जुडीची गाठ. पंख्याच्या वाऱ्यालाही ती सुटणार नाही.

पहिल्याच दिवशी तिची आई वर आली. जिना चढून धाप लागलेली, पदराला माती.

"टीचर, मी सरळ सांगते," ती म्हणाली. "शाळेत तीन वर्सं झाली, हिला वाचता येत नाय. मी सात वर्सांची होते तवापासून जुड्या बांधते. हिचे हात माझ्याहून तेज हायेत. दिवाळीपत्तुर बघते. वाचाय आलं तर येऊ दे रोज. नाय तर दुपारची माझ्यासंग बसंल. एकटीनं मला होत नाय आता."

बाई वाईट नव्हती. तिचे हात मी बघितले होते. मी फक्त मान हलवली.

मग ती भिंतीकडे वळली. "हे काय लावलंय?"

पायलने सांगितलं. आईने वरचा खिळा बघितला, खालचा बघितला. "म्हंजी वर टेकली की वाचाय आलं?"

"हो," मी म्हणाले. ते अगदी खरं नव्हतं, पण समजवायला लांब बोलावं लागलं असतं.

त्या दिवसापासून पायलची आई रोज संध्याकाळी तिला न्यायला आली की दारात उभी राहून आधी वेल बघायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ती अंगठा उठवायची, पण त्यात काय लिहिलंय ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ही वेल मात्र तिला लांबून वाचता यायची. "दोन वाढली," ती म्हणायची. किंवा, "आज काय केलं गं दिसभर?" तिच्यासाठी ते भिंतीवरचं पिवळं माप म्हणजे तिची मुलगी होती. हे मी रोज बघत होते. बघण्यात मी हुशार आहे. बघितलेल्याचा अर्थ लावायला मात्र मला उशीर होतो.

पायलच्या शेजारी अल्फिया बसायची. तिचे अब्बा गल्लीच्या तोंडाशी ट्रकच्या सीटा शिवायचे. अल्फियाची वेल हिरवीगार, सोनेरी कडेची. मामूंच्या शादीचे कार्ड तिच्याकडे गठ्ठ्याने उरले होते. ऑगस्ट संपायच्या आतच तिची वेल वरच्या खिळ्याला टेकली आणि तरी तिचं थांबत नव्हतं, खिळ्यापाशी जास्तीच्या पानांचा झुपका झाला होता. पायलची पिवळी वेल गणपती विसर्जनाच्या सुमारास वीस पानांवर अडकली. जोडाक्षरांपाशी. दोन आठवडे एकही पान नाही. आईने दारात उभं राहून बोलायचंच सोडून दिलं. नुसती बघायची आणि चपला घालायची.

एका गुरुवारी मुलं गेल्यावर मी खोली आवरत होते. पायलच्या पिवळ्या वेलीवर मला पाच हिरवी पानं दिसली. सोनेरी कडेची. आणि गाठी जुडीच्या, बोटाला एक वेढा, खालून टोक.

मला वाटलं ते कोणालाही वाटलं असतं. पानं अल्फियाची, गाठ पायलची. म्हणजे पायलने घेतली.

विचारायचं असतं. दुसऱ्या दिवशी मुलीला जवळ बसवून विचारायचं, हे काय गं? एवढं साधं. पण त्यात एक आवाज लागतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघणं लागतं, ती रडली तर काय करायचं हे माहीत असावं लागतं. मी ते टाळलं. कात्री घेतली, पाचही गाठी कापल्या, पानं टेबलाच्या खणात ठेवली आणि स्वतःला सांगितलं की मी तिला चारचौघांत लाजवलं नाही, उलट वाचवलं. शैलाताई ते दोन दिवस भाचीच्या बारशाला चांदवडला गेल्या होत्या.

शुक्रवारी पायल भिंतीसमोर उभी राहिली. बराच वेळ. मग जागेवर जाऊन बसली आणि पुस्तक उलटं धरून बसून राहिली. संध्याकाळी तिची आई दारात आली, वेलीकडे बघितलं, पुन्हा बघितलं. मग मुलीचा हात धरून जिना उतरली.

शनिवारी पायल आली नाही. सोमवारी आली नाही. मंगळवारी अल्फिया माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. वहीबिही काही नाही, हात कमरेवर.

"टीचर, पायलची पानं तुम्ही काढली ना?"

मी टेबलाचा खण नीट लावून घेतला.

"तुम्हीच काढली. माझी होती ती. मी दिली होती."

"तू दिलीस? का?"

"माझी वेल तर केव्हाच वर लागली. जास्तीची होती. तिची कमी पडत होती." ती माझ्याकडे असं बघत होती की जणू मला साधी बेरीज येत नाही. "मार्केटमध्ये असंच करतात. पायलने बोला. शंभर जुड्या लागतात ना एका ढिगाला? शेजारच्या बाईच्या पाच कम पडल्या तर आपल्यातल्या टाकायच्या. नाहीतर तिचा ढीग लिलावाला लागतच नाही. मग तिच्या जास्त झाल्या की ती आपल्यात टाकते. भर घालणं बोलतात त्याला. ती देणार होती ना परत, ज्ञ आणि क्ष आले की."

"मग मला सांगायचं ना."

"तुम्ही विचारलं कुठं?" अल्फिया म्हणाली. "आणि आता तिच्या मम्मीला वाटतं ती भुलली सगळं. वेल छोटी झाली ना! मम्मी बोली, आलं होतं तेपण गेलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय केलं होतं. जिला अक्षर वाचता येत नाही त्या बाईच्या हातातलं एकमेव प्रगतिपुस्तक मी मागच्या मागे खोडलं होतं.

शैलाताई परत आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. खणातली पानं दाखवली. त्या रागावतील अशी माझी अपेक्षा होती, थोडी इच्छाही होती. त्यांनी एक हिरवं पान हातात घेऊन गाठीचं टोक बघितलं.

"काय सुंदर गाठ मारते गं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकदा लागलेलं पान आपण काढत नाही, ईशा. मी हे तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं कळतंच. आणि हे भर घालणं," त्या हसल्या, "हे मला तीस वर्षांत सुचलं नाही. या पोरींना न शिकवता येतं."

"तुम्ही जाल का तिच्या आईकडे?"

"मी का? पानं कोणी काढली?"

त्या संध्याकाळी मी मार्केट यार्डात गेले. सहा वर्षांत केलेलं सगळ्यांत अवघड काम कोणतं असं विचारलं तर मी हेच सांगेन, जरी ते आमच्या जिन्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर होतं. गाड्यांची दाटी, हमालांचे आवाज, पायाखाली मेथीचा चिखल. पायलची आई फरशीवर पसरलेल्या कोथिंबिरीपाशी बसली होती आणि पायल तिच्या बाजूला, मान खाली, जुड्या बांधत. एक वेढा, टोक, झटका. तिने मला बघितलं आणि वेग वाढवला.

"टीचर, आत्ता येळ नाय," आई म्हणाली. "शंभर लावायच्यात, पुकारा व्हईल इतक्यात. बोलायचं आसंल तर मोजू लागा."

म्हणून मी खाली बसले आणि मोजू लागले. मोठ्याने, कारण तिथे सगळ्या मोठ्याने मोजत होत्या. पन्नासपर्यंत ठीक गेलं. एकावन्न, बावन्न. मनात मी इंग्रजी आकडा धरत होते आणि तोंडाने त्याचं मराठी शोधत होते. अठ्ठावन्न. मग थांबले. हातात जुडी तशीच.

"एकोणसाठ," पायल न बघता म्हणाली.

"एकोणसाठ. साठ." पुढे गेले. अडुसष्टला पुन्हा थांबले.

"एकोणसत्तर, टीचर."

शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आगं बया, ही तुझ्या पोरीची मास्तरीण? हिलाच मोजता येत नाय!"

"लय शिकलेली हाय ती," पायलची आई म्हणाली, पण तीही हसत होती. "इंग्लिशमधी."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मी म्हणाले, "पायलची पानं मी काढली."

आईचे हात थांबले.

"ती विसरली नव्हती. अल्फियाने तिला पाच पानांची भर घातली होती. मला वाटलं पायलने घेतली. मी न विचारता काढून टाकली. चूक माझी आहे. तिच्याकडे वीस पानं तिची स्वतःची आहेत, ती कोणी काढणार नाही."

आई पायलकडे बघत राहिली. "मला का नाय सांगितलंस?"

"तुला वाटलं आसतं मी चोरली," पायल म्हणाली.

आईने हातातली जुडी खाली ठेवली. मग आई माझ्याकडे वळली. "मला काय ठावं टीचर, वेल बारकी झाली, मी म्हनलं पोरगी मागं चालली. मला तेवढंच दिसतं."

"हो," मी म्हणाले. "मला आता कळलं. दिवाळीपर्यंत म्हणाला होतात तुम्ही. अजून चार आठवडे आहेत. तिला पाठवा. तुम्हाला माणूस कमी पडत असेल तर वर्ग सुटल्यावर मी येते मोजायला."

"तुम्ही?" शेजारीण पुन्हा सुरू झाली. "नको बाई, आमचं शंभराचं नव्वद व्हईल."

"मी शिकवीन त्यांना," पायल म्हणाली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच वर बघून बोलत होती.

बुधवारी ती आली. आम्ही भिंतीसाठी नवा नियम केला, तो अजून चालू आहे. ज्याची वेल भरली त्याने दुसऱ्याला भर घालायला हरकत नाही. पण ज्याने भर घातली त्याने त्या मुलाशेजारी बसायचं, त्याचं स्वतःचं पान लागेपर्यंत. ते लागलं की भरीचं पान मालकाकडे परत जातं, मुलाच्याच हाताने. पाच हिरवी पानं पायलने पुन्हा बांधली आणि अल्फिया तिच्याजवळ बसली. ती शिकवायची कशी, तर दमदाटी करून. "क्ष बोल. ऐसे नहीं. पूरा बोल. क्षण. मी बघतेय ना!" मी तीन महिन्यांत जे करू शकले नव्हते ते तिने तीन आठवड्यांत केलं. मी लांबून बघत होते आणि मला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

माझी स्वतःचीही एक सुतळी भिंतीवर आली. पायलनेच खिळा मागून घेतला. मावसबहिणीच्या लग्नाची क्रीम रंगाची, जाड, इंग्रजी पत्रिका मी घरून आणली. संध्याकाळी मार्केटमध्ये अर्धा तास मोजायचं आणि न अडखळता जो आकडा आला त्याचं पान बांधायचं. पहिलं पान एकोणसाठचं. एकोणऐंशीला मला नऊ दिवस लागले. मुलं भिंतीपाशी थांबून माझी वेल मोजायची आणि सहानुभूतीने "होईल टीचर" म्हणायची. रोज एक पान कमी पडल्यावर कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. सगळ्या शिक्षकांची एक वेल असावी, असं माझं मत आहे.

दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा शनिवार आला. खिळ्याला टेकायला पायलची चार पानं कमी होती. आधीची पाच परत गेली होती; ही चार अल्फियाने नव्याने घातलेली, त्यामुळे वेल वरपर्यंत पिवळी आणि शेंड्याला हिरवी. आईवडील सतरंजीवर बसले होते. पायलची आई मागे, दाराजवळ, जायच्या तयारीत असल्यासारखी. पायलने बकरीची गोष्ट निवडली होती. पहिलं वाक्य तिने वाचलं. दुसऱ्यात थांबली. खोलीत सतरा मोठी माणसं तिच्याकडे बघत होती. तिच्या हाताची बोटं पुस्तकाच्या कडेला गाठ मारल्यासारखी हलायला लागली आणि मला कळलं, ती आता पुढे वाचणार नाही. मला ते फार चांगलं कळतं.

"फार उकडतंय," शैलाताई सहज म्हणाल्या. "आजोबा, तुमचा नवा पंखा लावून बघू का?"

आजोबांनी स्वतः उठून बटण दाबलं. पंखा पहिल्यांदाच फिरला आणि अख्खी भिंत सळसळली. सगळ्या वेलींची सगळी पानं एकदम उलटली. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. रोज आम्हाला पानांची मुलांनी लिहिलेली बाजू दिसायची. आता छापलेली बाजू समोर आली, गणपती, कलश, सोनेरी अक्षरं.

पायल पुस्तक धरून भिंतीकडेच बघत होती. मग ती पुस्तक ठेवून आपल्या वेलीपाशी गेली. एक पिवळं पान बोटांत धरलं.

"ल-ग्ना-ला," ती म्हणाली. शेजारचं धरलं. "आमच्या मामाच्या." आणखी एक, खाली वाकून. "यायचं हं."

लोक हसले. ती ओळ प्रत्येक मराठी पत्रिकेच्या तळाशी असते आणि तिच्याखाली घरातल्या लहान मुलांची नावं असतात. पायलला ते माहीत नव्हतं. ती एकेक पान उलटून बघत होती, तोंडाने पुटपुटत, आणि एका पानावर ती थांबली. तिने तीनदा वाचलं असावं, कारण ओठ तीनदा हलले.

"टीचर," ती म्हणाली, "हे पायल लिहिलंय."

मी जवळ गेले. होतं. बारीक अक्षरात, दोन मुलांच्या नावांमधे.

"हे माझंच नाव हाय. मी रोज याच्या पाठीवर लिहीत होते."

तिची आई उठली. माणसांच्या मधून वाट काढत पुढे आली आणि पानाकडे वाकून बघितलं. "कुटं?"

पायलने आईचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. "हे पा. हे य. हे ल."

"आमच्या दादाच्या लग्नाचं कार्ड हाय ते," आई सगळ्यांना सांगितल्यासारखी म्हणाली. "पाच वर्सं गठ्ठा कपाटात पडलाय. कोनी वाचून नाय दाखवलं." ती थोडा वेळ तशीच बोट ठेवून उभी होती. मग हळूच विचारलं, "माझं हाय का गं कुठं?"

पायलने शोधलं. अल्फियाही शोधायला लागली. पत्रिकांचा बराच भाग कापताना वाया गेला होता, उरलेल्या पानांत ते नव्हतं. पायलने मागे वळून शैलाताईंकडे बघितलं. शैलाताईंनी कात्री पुढे केली. पायलने उरलेल्या पिवळ्या तुकड्यातून एक पान कापलं, फरशीवर बसून कोऱ्या बाजूवर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मंदा. अनुस्वार जरा लांब गेला होता. शैलाताई तोवर स्टुलावर चढून खिळा ठोकत होत्या.

"मला कशाला," आई म्हणत होती. "आता या वयात." पण सुतळीचं खालचं टोक तिनेच ताणून धरलं होतं. गाठही तिनेच मारली. एक वेढा, खालून टोक, एक झटका. पायल ते कोणाकडून शिकली ते दिसलं.

बकरीची गोष्ट पायलने नंतर वाचली, पूर्ण, सात ठिकाणी अडखळून. ते सातही शब्द मी लिहून ठेवले होते. त्यांची पानं तिने जानेवारीच्या आत लावली आणि चारही हिरवी पानं मालकिणीला परत केली.

त्या शनिवारी सगळे गेल्यावर पायलची आई चपला घालून दारात थांबली. तिने सवयीप्रमाणे भिंतीकडे बघितलं. आधी मोठ्या वेलीकडे, मग शेजारच्या, एकाच पानाच्या.

"सुट्टी कवा संपती?" तिने विचारलं.

मी तारीख सांगितली.

"बरं. पाठवते." दोन पायऱ्या उतरून ती पुन्हा वळली. "आन् टीचर, माझं पान काढू नका हां."